बाजूच्या सीटवरचा माणूस गेला तेव्हा: एका फॅन ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच फुटबॉल फॅन ग्रुपमधलं आहे. नावं, क्लब, तारखा, ओळख पटेल असं सगळं काढलंय. लिहिलेलं आधी गेलेल्या माणसाच्या बहिणीला, म्हणजे ताईंना, वाचायला दिलं, त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली ती काढली, मगच हे इथे टाकतोय. दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर अशी वेळ आली तर त्यांना आमच्यासारखं अंधारात चाचपडावं लागू नये, एवढ्यासाठी सगळं लिहितोय, चुकांसकट.

पार्श्वभूमी

आमचा ग्रुप म्हणजे स्टँडच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसणारे दोनशे-अडीचशे लोक. सीझन पास असला की सीट ठरलेली असते, म्हणजे प्रत्येक होम मॅचला (आपल्या मैदानावरच्या मॅचला) डावीकडे तोच माणूस, उजवीकडे तोच, गोल झाला की त्याच माणसाच्या गळ्यात पडायचं आणि मॅच संपली की आपापल्या वाटेने जायचं. शेजारच्याला तुम्ही रडताना बघितलेलं असतं, शिव्या देताना बघितलेलं असतं, पण त्याचं नाव माहीत नसतं, तो काम काय करतो, घरी कोण आहे, काहीच माहीत नसतं. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, स्टँडमध्ये कोणालाच वाटत नाही.

चौदाव्या रांगेत एक जण बसायचा, तिशीतला, कायम एकच जुनी आठ नंबरची जर्सी, धुऊन धुऊन रंग उडालेली. आम्ही त्याला आठ नंबरवाला म्हणायचो. सहा सीझन तो तिथे होता. मग दोन मॅच दिसला नाही, कोणीतरी म्हणालं बदली झाली असेल, विषय संपला.

तीन आठवड्यांनी ग्रुपच्या पेजवर एका ताईंचा मेसेज आला. त्यांचा धाकटा भाऊ अचानक गेला होता. कपाटात पास सापडला, स्कार्फ सापडला, आणि कॅलेंडरवर पुढच्या दोन होम मॅचेसवर त्यानेच केलेल्या खुणा होत्या. त्यांनी लिहिलं होतं की मला एकदा त्याच्या जागेवर बसायचंय, मला खेळातलं काही कळत नाही, येऊ शकते का, काय घालून यायचं. आणि शेवटी एक ओळ होती: "तो तिथे कसा असायचा हे कोणाला माहीत आहे का? घरी तो फार बोलायचा नाही."

ही शेवटची ओळ आम्ही तिघा ॲडमिननी वाचली, डोळे भरून आले, आणि पुढे गेलो. पहिली चूक तीच. सीट आणि कपडे हे प्रश्न त्यांनी विचारले कारण ते विचारायला सोपे होते. खरं मागणं त्या शेवटच्या ओळीत होतं, आणि ते कळायला आम्हाला दहा दिवस लागले.

अडचण कुठे होती

पास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, ही आधी मोठी अडचण वाटली होती, पण तिकीट विभागातल्या माणसाला खरं काय ते सांगितल्यावर त्याने त्या एका मॅचसाठी ताईंच्या नावाने तीच सीट करून दिली. एका फोनमध्ये काम झालं.

खरी अडचण आमचीच होती. ग्रुपवर बातमी टाकली आणि अर्ध्या तासात शंभरेक मेसेज. सगळ्यांना काहीतरी करायचं होतं, आत्ताच्या आत्ता आणि मोठं काहीतरी. ही भावना खोटी नव्हती, मी ते लोक ओळखतो, त्यातल्या दोघा-तिघांनी त्याच वर्षी स्वतःच्या घरातलं कोणीतरी गमावलं होतं आणि त्यांचं ते दुःख या निमित्ताने बाहेर पडत होतं. पण गर्दीला दुःख झालं की ती आवाज करते, आम्हाला तेच येतं, ड्रम, बॅनर, गाणी. आणि समोर एक बाई होती जिने फक्त बसायला जागा मागितली होती.

काय काय करता आलं असतं

पहिला प्रस्ताव आठव्या मिनिटाला अख्ख्या स्टँडने उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हा होता. जर्सीच्या नंबरच्या मिनिटाला टाळ्या ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळलीय. दुसरा प्रस्ताव, त्याचा चेहरा असलेला मोठा बॅनर. तिसरा, वर्गणी काढून घरच्यांना द्यायची. चौथा, काहीच जाहीर करायचं नाही, त्या दिवशी ताईंच्या दोन्ही बाजूला आपली माणसं बसतील एवढं बघायचं.

बॅनरवाल्या मुलाचं म्हणणं मनापासूनचं होतं. त्याने मेडेलिन या कोलंबियातल्या शहराचं उदाहरण दिलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्राझीलच्या शापेकोएन्से क्लबचं विमान कोलंबियात पडलं, ७१ माणसं गेली, टीम तिथे फायनल खेळायला निघाली होती. ज्या संध्याकाळी मॅच व्हायची होती त्याच वेळी समोरच्या टीमचे, ॲटलेटिको नॅशनलचे फॅन पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन आपल्या स्टेडियममध्ये आले, स्टेडियम भरून लोक बाहेर उभे होते, आणि त्यांच्या क्लबने कप शापेकोएन्सेला द्या अशी विनंती केली. तो मुलगा म्हणाला, हजारो अनोळखी लोक हे करू शकतात तर आपण आपल्याच रांगेतल्या माणसासाठी एक बॅनर नाही लावायचा?

मग दुसऱ्या एकाने इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमची आठवण काढली. १५ एप्रिल १९८९ ला लिव्हरपूलचे फॅन स्टँडमध्ये चेंगरले गेले, आज मृतांचा आकडा ९७ आहे. त्यानंतर आठवडाभरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन्ही क्लबच्या लोकांनी स्कार्फला स्कार्फ बांधत एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत रांग नेली. आणि चारच दिवसांनी मिलानमध्ये युरोपियन कपची सेमीफायनल होती, रेफरीने हिल्सबरोत गेलेल्यांसाठी शांतता पाळायला खेळ थांबवला, आणि त्या शांततेत मिलानच्या फॅन्सनी लिव्हरपूलचं गाणं म्हणायला सुरुवात केली. मला हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

पण इथे एका मुलीने जो मुद्दा काढला त्याने चर्चा फिरली. ती म्हणाली, ते मृत्यू सगळ्यांसमोर झाले होते. सगळ्या जगाने बघितले, म्हणून शोकही सगळ्यांसमोर झाला, तो कोणा एका घराचा उरलाच नव्हता. हा माणूस घरी गेलाय. कसा गेला हे आपल्याला माहीत नाही आणि ते विचारायचा आपल्याला हक्क नाही. त्याच्या घरच्यांना त्याचा चेहरा दहा मीटरच्या कापडावर बघायचाय की नाही, हे आपण कसं ठरवणार?

कोणीतरी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचं सांगितलं. १३ मार्च २०१६, माइन्झविरुद्धची मॅच, ग्राउंडवर ८०,००० च्या आसपास लोक, आणि मॅच चालू असताना एक वयस्कर फॅन हृदयविकाराने गेला. हाफटाइमच्या सुमारास बातमी पसरली आणि दुसऱ्या हाफमध्ये दोन्हीकडच्या लोकांनी गाणी, घोषणा सगळं बंद केलं, टीम जिंकत असताना. तो माणूस कोणी प्रसिद्ध नव्हता, आपल्यासारखाच मॅच बघायला आलेला होता. म्हणजे गर्दी गप्पही बसू शकते, आणि तेही सहानुभूतीच असतं, ही गोष्ट त्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा पटली.

वर्गणीवर वेळ घालवला नाही, घरच्यांनी मागितलेलंच नाही तर पैसे द्यायचे कशाला. टाळ्यांबद्दल ठरलं की ताईंना विचारायचं.

मधेच झालेली चूक

विचारायच्या आधीच एका मेंबरने ताईंच्या प्रोफाइलवरून भावाचा फोटो उचलला, त्यावर आठ नंबर टाकून पोस्टर केलं आणि चार ग्रुपमध्ये फॉरवर्ड केलं, नावासकट. त्याला वाटलं चांगलं काम करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईंच्या आईच्या फोनवर पोचलं, एका लांबच्या नातेवाइकाने पाठवलेलं. आईने सगळ्या नातेवाइकांना अजून कळवलंही नव्हतं.

ताईंचा मेसेज दोन ओळींचा होता. कृपया हे काढा. आणि मी येणार नाही.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो कारण इथे निर्णय लागोपाठ घ्यावे लागले. पोस्टर दिसेल तिथून काढायला लावलं, ज्या ग्रुपमध्ये आम्ही नाही तिथल्या ॲडमिनना फोन केले, मेसेज नाही, फोन. ज्याने पोस्टर केलं त्याला ग्रुपवर झापलं नाही, हे मुद्दाम, कारण एकदा भांडण सुरू झालं की दोनशे लोक त्यातच अडकतात आणि ताई बाजूला राहतात. मग ताईंना उत्तर लिहिलं. पहिल्या ड्राफ्टमध्ये "त्याचा हेतू चांगला होता" असं वाक्य होतं. ते काढलं. हेतू चांगला होता हे खरंच होतं, पण ते सांगितलं असतं तर समजून घ्यायचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं. शेवटी एवढंच पाठवलं: चूक आमची आहे, पोस्टर इथून इथून काढलंय, या दोन ठिकाणी अजून असू शकतं, आम्ही मागे लागलोय. सीट तुमच्या नावावर आहे, आलात तरी आणि नाही आलात तरी तिथे दुसरं कोणी बसणार नाही. उत्तर द्यायची गरज नाही.

आणि तेव्हा, जुने मेसेज परत वाचताना, ती शेवटची ओळ नीट दिसली. तो तिथे कसा असायचा.

म्हणून त्याच्या आजूबाजूला बसणाऱ्या नऊ जणांना सांगितलं की आठवेल ते लिहा. श्रद्धांजली नको, फक्त काय बघितलं ते. नऊपैकी सात जणांनी लिहिलं. तो गायचा नाही पण ओठ हलायचे. पाऊस आला की छत्री मागच्या लहान मुलावर धरायचा, स्वतः भिजायचा. पेनल्टीच्या वेळी पाठ फिरवून लोकांची तोंडं बघायचा. एकदा हरल्यावर सगळे निघून गेले तरी बराच वेळ एकटाच बसून होता. एकाने तर फक्त एवढंच लिहिलं की "मला जागा मिळावी म्हणून पाय आवरून बसायचा." हे सगळं जसंच्या तसं, शुद्धलेखन न सुधारता ताईंना पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. येते म्हणाल्या. टाळ्या नकोत, नाव नको, फोटो नको, आणि तो कसा गेला हे कोणी विचारू नका.

मॅचचा दिवस

त्यांच्या एका बाजूला ग्रुपमधली एक मुलगी, तीच मुद्दा काढणारी, दुसऱ्या बाजूला काका. काका म्हणजे सहा सीझन त्या माणसाच्या शेजारी बसलेले, साठीच्या पुढचे, फारसं न बोलणारे. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्हाला बाहेर जावंसं वाटलं तर फक्त उठा, मी मागून येईन, काही बोलणार नाही. अर्ध्या तासाने त्या उठल्या. दोघी पायऱ्यांपाशी दहा मिनिटं उभ्या होत्या, मग परत आल्या. हे आधी ठरलेलं नसतं तर त्या उठून निघूनच गेल्या असत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं, कारण इतक्या लोकांसमोर परत यायची लाज वाटली असती.

एक काळजी अशी होती की आमची एक घोषणा आहे, समोरच्या टीमला चिडवायची, त्यात मेलात, संपलात असे शब्द आहेत. ड्रमवाल्यांना सांगून ती त्या दिवसापुरती बंद ठेवली. कारण विचारलं तर सांगायचं नाही असंही ठरलं. पण दुसऱ्या हाफमध्ये मागून कोणीतरी सुरू केलीच, ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी उचलली, आमच्या रांगेतले सगळे अवघडून पुढे बघत राहिले. आणि ताई म्हणाल्या, "ही चाल तो अंघोळ करताना म्हणायचा. शब्द आज कळले."

आम्ही त्यांच्यापासून जे लपवत होतो तेच एक त्यांच्या ओळखीचं निघालं. याचा मी अजून विचार करतो. दुःखात असलेल्या माणसाला कशाने त्रास होईल हे आपण बाहेरून ठरवतो आणि बरेचदा ते चुकतं.

७१ व्या मिनिटाला गोल झाला. या क्षणाची आम्हाला सगळ्यात जास्त भीती होती, याबद्दल आधी बोललोही होतो की गोल झाला तर उड्या मारायच्या का, आणि शेवटी ठरवलं होतं की मारायच्या, खोटं वागायचं नाही. सगळा स्टँड उभा राहिला, ताई बसूनच राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते अवघडलेपण आलं, की मीही उठायला हवं का. काकाही त्यांच्या शेजारी बसले. त्या आवाजात ओरडून त्यांना म्हणाले, "तोही बसायचा! गोल झाला की खालीच बसायचा. गोल रद्द करायला लाइनमनचा फ्लॅग वर गेलाय का ते बघायची हिंमत नसायची त्याची. मी सांगायचो, गोल आहे रे, मग उठायचा."

मग काकांनी फ्लॅग बघितला आणि म्हणाले, "गोल आहे." ताई उठल्या.

काकांनी लिहून पाठवलेलं नव्हतं. न लिहिणाऱ्या दोघांपैकी एक ते होते.

नंतर काय झालं

मॅच संपल्यावर रांगेतले दहा-बाराजण थांबले, प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं, ताईंनी त्यांच्या भावाचं नाव सांगितलं. आम्ही त्याच्या नावाने त्याला कधीच हाक मारली नव्हती. काकांचं नावही आम्हाला त्याच दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी ताईंनी एक गोष्ट मागितली. आईला त्या जागेचा आवाज ऐकायचा होता, यायला जमणार नव्हतं. शेवटच्या मॅचला एकाने त्याच सीटवर फोन ठेवून चार मिनिटं रेकॉर्ड केलं, आजूबाजूच्यांना फक्त फोनकडे बघून काही बोलू नका एवढं सांगितलं. पोस्टरमुळे ज्या बाईंना इतका त्रास झाला होता त्यांनी ते रेकॉर्डिंग मागावं, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं.

ज्याने पोस्टर केलं होतं त्याने ताईंना स्वतः पत्र लिहिलं, हाताने. त्यात काय होतं माहीत नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि तेही बरोबरच आहे.

पुन्हा असं झालं तर

सगळ्यात मोठी गोष्ट जी आम्ही करू शकलो नाही ती त्या मॅचनंतरची. सीझन संपला, सुट्टी लागली, आणि पुढचे कित्येक महिने ताईंना कोणी मेसेज केला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी संपर्कात असेल. दोनशे लोकांच्या ग्रुपमध्ये हे हमखास होतं, जबाबदारी सगळ्यांची असली की ती कोणाचीच राहत नाही. वर्ष झालं त्या रात्री ताईंचाच मेसेज आला, "आज एक वर्ष झालं." आम्ही विसरलो होतो. एकाही फोनमध्ये ती तारीख नव्हती. पहिल्याच दिवशी एक माणूस ठरवायला हवा होता, एकच, नावानिशी, ज्याचं काम वर्षभर लक्ष ठेवायचं, आणि त्याच्या फोनमध्ये तारखा टाकायला हव्या होत्या.

दुसरं, बातमी सगळ्या ग्रुपवर टाकायच्या आधी ताईंना विचारायला हवं होतं की किती लोकांना सांगू. आम्ही आधी सांगितलं आणि मग विचारलं. पोस्टरची चूक त्या मेंबरची म्हणून सांगितली जाते पण दार आम्ही ॲडमिननी उघडलं होतं.

तिसरं, आठवणी लिहून मागवायचं काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, आणि ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्याशी फोनवर बोलून. काकांकडे सगळ्यात जास्त होतं आणि ते गोल झाला नसता तर त्यांच्याजवळच राहिलं असतं. ०-० झाली असती मॅच तर ताईंना ती गोष्ट कधीच कळली नसती, हा विचार मला झोपू देत नाही.

आठव्या मिनिटाच्या टाळ्या करायला हव्या होत्या का यावर ग्रुपमध्ये अजून दोन मतं आहेत. मी टाळ्यांच्या विरोधात नाही. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूज नोव्हेंबर २०१४ मध्ये डोक्याला बॉल लागून गेला तेव्हा जगभरात लोकांनी दाराबाहेर बॅट टेकवून ठेवल्या होत्या, ज्यांचा क्रिकेटशी फारसा संबंध नाही अशांनीही, आणि त्याचा शेवटचा स्कोअर ६३ नाबाद असा कायमचा नोंदवला गेला. तसं काहीतरी आम्हालाही करता आलं असतं, ज्याला गर्दी लागत नाही, नाव लागत नाही. यंदा ताईंना विचारून ठरवलंय की त्या तारखेच्या जवळच्या होम मॅचला चौदाव्या रांगेतले लोक आपापला स्कार्फ सीटच्या पाठीवर टाकून ठेवतील, पहिली आठ मिनिटं. बाहेरच्याला काही कळणार नाही.

ती सीट आता एका कॉलेजच्या मुलाने घेतलीय. त्याला यातलं काही सांगायचं की नाही यावर आम्ही बराच विचार केला, ताईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या की त्याला त्याची मॅच बघू द्या. काका त्याच्या शेजारी बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं नाव विचारलं आणि सामान्यतः घरी किती वाजता पोचतोस तेही.